पॉइंट दोनला हंडा: मॉलच्या दारात परवान्याचं शस्त्र आलं तर

मी नवी मुंबईत, वाशीकडच्या एका मॉलमध्ये लेडी सुपरवायझर आहे. २०१० ला लागले तेव्हा साधी गार्ड. २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर सगळ्यांनाच दारात धातू ओळखणारी फ्रेम हवी झाली आणि फ्रेमशेजारी बायका तपासायला बाई हवी झाली, त्या भरतीतली मी. राहते कोपरखैरण्याला माथाडी वसाहतीत, नवरा कांदा-बटाटा मार्केटला आहे. गाव जावळी तालुक्यात. बंदुकीशी माझा संबंध म्हणाल तर गावच्या जत्रेत छर्‍याच्या बंदुकीनं फुगे फोडलेत, तेही तीनातला एक.

पण कमरेला रिव्हॉल्व्हर लावून आलेली माणसं मी दारात बरीच थांबवली आहेत. बिल्डर, सोनार, त्यांचे गनमॅन, साध्या कपड्यातले पोलीस, एकदा नवरीचा मामा. आरडाओरडा एकदाही झाला नाही. चूक मात्र एकदा मोठी झाली आणि ती माझ्याच हातून झाली. पुढे सांगते.

दर काही महिन्यांनी नव्या मुली येतात. एजन्सीनं त्यांना सलाम, फ्रिस्किंग म्हणजे अंगझडती, आग विझवायचा सिलिंडर कसा उघडायचा हे शिकवलेलं असतं. शस्त्र दिसलं तर काय, हे विचारलं की सगळ्या एका सुरात म्हणतात, "कंट्रोलला कळवायचं." म्हणजे कंट्रोल रूमला. बरोबर आहे. पण कंट्रोलवरून माणूस येईपर्यंत जी तीन-चार मिनिटं जातात त्यात तोंडातून काय निघतं आणि हात कुठे असतात, सगळं तिथे ठरतं. म्हणून फॉल-इनला, म्हणजे ड्यूटीआधीच्या हजेरीला, मी जे बोलते ते लिहून काढलं. ज्यांच्याकडे परवाना आहे त्या दादा-ताईंनीही वाचावं, मधूनमधून त्यांच्याशीच बोलले आहे.

आधी जागा ओळखा

मॉल कंपनीच्या मालकीचा, पण आत यायला तिकीट नाही. कुणीही येतो, एसीत बसतो, जातो. त्यामुळे दारात एकाच वेळी दोन कायदे उभे असतात. लोकांची ये-जा आहे म्हणून सार्वजनिक जागेत शस्त्र कसं न्यायचं हा सरकारचा नियम लागतो. आणि जागा खासगी आहे म्हणून कुणाला काय घेऊन आत घ्यायचं हे मालक ठरवतो. परवानावाल्याला पहिलं अर्धं पाठ असतं, गार्डला दुसरं. भांडण होतं ते याच फटीत.

पहिलं अर्धं गार्डनंही पाठ करावं, कारण समोरचा "माझ्याकडे लायसन आहे" म्हणाला की आमच्या निम्म्या मुली गप्प बसतात. २०१६ च्या शस्त्र नियमांत लिहिलंय की सार्वजनिक जागेत पिस्तूल-रिव्हॉल्व्हर न्यायचं तर ते अंगाला लावलेल्या होल्स्टरमध्ये किंवा त्यासाठीच्या पिशवीत हवं, पूर्ण झाकलेलं हवं, आणि नेणाऱ्याचा त्यावर ताबा हवा. पूर्ण झाकलेलं. शर्टाखालून मूठ बाहेर डोकावतेय, लोकांना कळावं म्हणून शर्ट मुद्दाम एका बाजूनं खोचलाय, हे चालत नाही. हातात घेऊन मिरवणं तर साफ बंद. म्हणजे उघडं शस्त्र लावून फिरण्याचा हक्क आपल्याकडे परवान्यानंही मिळत नाही. परवान्याच्या पुस्तकातच आणखी एक अट असते: खास परवानगी नसेल तर जत्रा, धार्मिक मिरवणूक, लोकांचा जमाव आणि शाळा-कॉलेजचं आवार इथे शस्त्र न्यायचं नाही. अट मोडली तर शस्त्र कायद्याच्या कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दोन हजार ऐकून लोक हसतात. परवाना रद्द होऊ शकतो हे ऐकलं की हसत नाहीत.

रविवारी आमच्या मधल्या चौकात स्टेज लागतं, गोविंदा पथक येतं, सिनेमावाले प्रमोशनला येतात, तीन मजल्यांचे कठडे माणसांनी भरतात. तो जमाव आहे की नाही, वकिलांनी ठरवावं. माझ्या मते आहे, आणि त्या दिवशी तर मी कुणालाच आत सोडत नाही.

नेरुळच्या एका काकूंचा मुलगा टेक्सासात असतो. सुट्टीला आला की आईला घेऊन आमच्याकडे येतो. एकदा फ्रेममधून जाताना हसून म्हणाला, "मावशी, तिकडे तर लोक कमरेला लावून दुकानात फिरतात." मी म्हटलं, सांग बरं नीट. तर तिथे १ जानेवारी २०१६ पासून परवाना असलेल्याला पिस्तूल होल्स्टरमध्ये उघडं लावता येतं, आणि १ सप्टेंबर २०२१ पासून बहुतेकांना परवानाही लागत नाही. पण दुकानदाराला नको असेल तर तो दारात पाटी लावतो. तिचा मजकूर कायद्यानं ठरवून दिलेला, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हीत, अक्षरं निदान एक इंच उंच. ती पाटी वाचून किंवा तोंडी सांगूनही कुणी उघडं पिस्तूल घेऊन आत गेला तर तो गुन्हा. २०१९ मध्ये तिथल्या एल पासो शहरात वॉलमार्टमध्ये गोळीबार झाला, वीसहून जास्त माणसं गेली, त्यानंतर वॉलमार्टनं गिऱ्हाइकांना विनंती केली की उघडं शस्त्र घेऊन आमच्याकडे येऊ नका. म्हणजे एवढ्या मोकळ्या मुलखातही शेवटी दारावरच्या माणसालाच तोंड उघडावं लागतं. मला बरं वाटलं ऐकून.

त्यांच्या पाटीचं मात्र मनात राहिलं. आमची पाटी होती, पण मनीप्लांटच्या कुंडीमागे. मी ती फ्रेमच्या आधी, डोळ्याच्या उंचीवर, मराठी-हिंदी-इंग्रजीत लावून घेतली. मजकूर साधा: या आवारात शस्त्रास प्रवेश नाही, परवाना असला तरी. शेवटचे तीन शब्द नसतील तर पाटीचा उपयोग शून्य.

ओळखायचं कसं

फ्रेम सगळ्यांना वाजते. चाव्या, मोबाईल, बेल्ट, गुडघ्याची वाटी बदललेली आजी. दिवसभर पीं-पीं ऐकून कान मरतात, आणि हात नुसते सवयीनं हलायला लागतात. म्हणून दर दोन तासांनी पॉइंट, म्हणजे उभं राहायची जागा, बदलून मागा, लाजू नका. फ्रेमच्या बाजूला दिवे असतात, ते कुठल्या उंचीवर लागले ते बघा. कमरेच्या उंचीवर एका बाजूला लागला तर हातातला डिटेक्टर तिथेच फिरवा, आधी खांद्यांवर नको.

आणि माणूस बघा. ज्याच्याकडे शस्त्र असतं तो फ्रेम दिसली की एकदा तरी कोपरानं ते चाचपतो. त्याला ते स्वतःला कळतही नाही. परवानावाले बहुतेक आपणहूनच सांगतात, "मॅडम, वेपन आहे." जो सांगतो त्याच्याशी दुप्पट अदबीनं बोला. तो नियमानं वागतोय.

बायकांना बाईच तपासणार, हे सांगायला नको. पण पर्स नीट बघा. खारघरच्या एक उद्योजक ताई आहेत, पाटी कुंडीमागे होती त्या दिवसांत त्यांच्या पर्समध्ये छोटं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर असायचं. पर्स मला उघडून दाखवायच्या, कागद दाखवायच्या, एकदम रीतसर. नियमातही पिशवीत नेणं बसतं. पण मी त्यांना म्हटलं, ताई, तुम्ही आत गेल्यावर पर्स ट्रॉलीत ठेवता आणि ट्रॉली सोडून कोथिंबीर निवडता, मी पाहिलंय. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या वेळी नुसतीच पर्स आली.

तोंडातून काय काढायचं

"गन" हा शब्द वॉकीवर नाही, तोंडात नाही, शेजारणीला डोळ्यांनी खुणावताना ओठांवरही नाही. रांगेत मागे पोरंबाळं असतात. एकानं ऐकलं की दहा पळतात, आणि सरकत्या जिन्यावर पळालेली दहा माणसं गोळीपेक्षा जास्त नुकसान करतात.

आमच्याकडे पूर्वी खूण होती "छत्री". पॉइंट दोनला छत्री आहे, म्हणजे शस्त्र आहे. जून उजाडला आणि पहिल्याच पावसात नवी मुलगी वॉकीवर बोलली, "सर, पॉइंट दोनला खूप छत्र्या आहेत." आमचे सिक्युरिटी चीफ जिन्यावरून अनवाणी धावत आले, बूट काढून बसले होते. त्या दिवसापासून "हंडा". मॉलमध्ये हंडा घेऊन कुणी येत नाही.

वाक्यं पाठ करा. "साहेब, एक मिनिट इकडे बाजूला येता का?" हे पहिलं. हातानं दिशा दाखवायची, दंडाला धरायचं नाही. बाजूला म्हणजे भिंतीकडे, जिथे त्याच्या मागे माणसं नाहीत. दुसरं: "आपल्याकडे काही आहे का, जे मला माहीत असायला हवं?" शस्त्र आहे का, असं सरळ विचारलं की काही जण दाखवायलाच जातात. तिसरं महत्त्वाचं: "हात तसेच राहू द्या, काढू नका, मी विचारतेय फक्त." परवाना काढायला त्याचा हात खिशात जाणार, आणि खिसा कमरेशी असतो. म्हणून म्हणायचं, सावकाश काढा. तुमचेही हात पोटाशी बांधलेले नकोत, मोकळे आणि दिसतील असे. तोपर्यंत शेजारणीनं दुसरी रांग चालू करायची, गर्दी तुमच्या बाजूला साचू द्यायची नाही.

कायद्यानं परवाना मागायचा अधिकार पोलिसांचा आहे, आपला नाही. हे चीफनी मला शिकवलं आणि मी तुम्हाला सांगते, कारण काही दादा मुद्दाम म्हणतात, "तू कोण विचारणारी?" उत्तर: "मी विचारू शकत नाही साहेब, पण दाखवल्याशिवाय मला पुढे बोलता येणार नाही, आणि आत तर सोडताच येणार नाही." आवाज चढवायचा नाही. तो शिव्या देत परत गेला तर जाऊ द्या. शिव्यांची नोंद होते, जखम होत नाही.

दाखवला तर काय बघायचं? फोटो त्याचाच आहे का. यूआयएन, म्हणजे परवानाधारकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, आहे का, त्याच्याशिवाय आजकाल परवाना चालत नाही. मुदत संपली का. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून परवाना पाच वर्षांचा मिळतो, आधी तीन वर्षांचा होता. आणि कुठपर्यंत चालतो: महाराष्ट्रापुरता, की भारतभर. आमच्याकडे येणारे काही गनमॅन परराज्यातला परवाना घेऊन येतात आणि त्यांच्या पुस्तकात तेवढ्याच राज्याचं नाव असतं. तो तुमच्या शेठचा कितीही लाडका असो, चीफना बोलवा. शस्त्रावरचा नंबर पुस्तकाशी जुळवायच्या भानगडीत पडू नका, त्यासाठी ते बाहेर काढावं लागतं.

कागद सगळे बरोबर निघाले तरी आत सोडायचं नाही. नव्या मुलींना हेच जड जातं. "मॅडम, सगळं ओके आहे की." ओके आहे म्हणून तर आपण त्याला पोलिसांत देत नाही आहोत. आत घेणं-न घेणं हे मालकाचं, आणि मालकानं पाटी लावली आहे.

हातात घ्यायचं नाही

२०१४ ची गोष्ट. वरच्या मजल्यावर कुणाची तरी पार्टी होती. सफारीतले एक गृहस्थ आले, गोड बोलणारे, वयानं माझ्या वडिलांएवढे. रुमालात गुंडाळलेली वस्तू माझ्या हातात दिली. "ताई, हे तुझ्याकडे ठेव, जाताना घेतो. आत न्यायचं नाही ना?" मला वाटलं केवढा समजूतदार माणूस! रुमाल जड होता तेव्हाच कळलं. पण घेतला. पोडियमच्या, म्हणजे दारातल्या आमच्या टेबलाच्या, ड्रॉवरमध्ये, सापडलेले गॉगल आणि लहान मुलांची टोपी होती त्यांच्याशेजारी ठेवला आणि कुलूप लावून पुन्हा फ्रेमला उभी राहिले. मनात आनंद, की वाद न होता काम झालं.

चाळीस मिनिटांनी चीफ राउंडला आले. मी कौतुकानं सांगितलं. ते सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, फार बोलत नाहीत. त्यांनी ड्रॉवर उघडला, रुमालाचं टोक पेननं बाजूला केलं आणि मला फक्त विचारलं, "परवाना कुणाच्या नावावर आहे?" मी म्हटलं त्यांच्या. "आणि आत्ता हत्यार कुणाकडे आहे?"

परवान्याशिवाय शस्त्र ताब्यात ठेवणं हा गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला निदान दोन वर्षं आणि पाचपर्यंत कैद आहे, तेव्हा एक ते तीन होती. माणूस आपणहून देतो म्हणून ते आपलं होत नाही, आणि ड्रॉवरला कुलूप असलं म्हणून तो सरकारी मालखाना होत नाही. चीफनी त्या गृहस्थांना खाली बोलावलं आणि त्यांनाच ते ड्रॉवरमधून उचलायला लावलं. सहाच्या सहा गोळ्या आत होत्या. मला मेमो मिळाला नाही. पण पुढचे कितीतरी दिवस त्या ड्रॉवरजवळून जाताना माझा हात आपोआप मागे यायचा.

तेव्हा नियम: देऊ केलं तरी घ्यायचं नाही, धरायचं नाही, "जरा बघू" नाही. मॉलचं सामानाचं काउंटर शस्त्रासाठी नाही. कुणी म्हणालं की दुसऱ्या मॉलमध्ये ठेवून घेतात, तर म्हणायचं, "मग तिकडे जा ना दादा."

परवानावाल्या दादांनो

मग ठेवायचं कुठे, हा तुमचा प्रश्न बरोबर आहे. घरी, कुलपात. तुम्ही सिनेमा बघायला निघालात, कांदेपोहे खायला निघालात, तर ते घेऊन निघायचंच नाही. धंद्याच्या कामासाठी बाहेर पडलात आणि वाटेत खरेदी आठवली, तर खरेदी दुसऱ्या दिवशी. एवढं सोपं आहे, पण पटत नाही, मला माहीत आहे.

"गाडीत ठेवून येतो" हे सगळ्यात जास्त ऐकते. गाडीत ठेवलं म्हणजे तुमचा ताबा सुटला. आणि त्याहून वाईट म्हणजे वॅले, गाडी लावून देणारी पोरं. डॅशबोर्डच्या कप्प्यात पिस्तूल आणि चावी कुणाला दिली? घणसोलीच्या बावीस वर्षांच्या पोराला, जो ती गाडी तिसऱ्या तळघरात लावून पाच मिनिटं आत बसून गाणी ऐकणार आहे. शस्त्र तुम्ही त्यालाच दिलंत. आमच्या वॅलेच्या पोरांना मी शिकवून ठेवलंय, चावी घेतानाच विचारायचं, "साहेब, कप्प्यात किमती किंवा जोखमीचं काही नाही ना?" हो म्हणाले तर चावी परत.

नेहमी लावून फिरणाऱ्यांच्या चुका ठरलेल्या असतात. ट्रायल रूमच्या खुंटीला पँटबरोबर होल्स्टर टांगणं. फूड कोर्टात खुर्चीत रुततंय म्हणून टेबलावर काढून वर पेपर झाकणं. आणि टॉयलेट.

एका रविवारी हाउसकीपिंगच्या मावशी पुरुषांच्या टॉयलेटमध्ये पुसायला गेल्या, तर फ्लशच्या टाकीवर चामड्याच्या पट्ट्यात पिस्तूल. मालक बसायला जाताना काढून ठेवून, उठून, हात धुऊन, निघूनही गेला होता. मावशी शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांनी काय केलं? हात लावला नाही. बाहेर आल्या, "फरशी ओली आहे" हा पिवळा बोर्ड दारात आडवा ठेवला, मॉप आडवा धरला आणि दारात उभ्या राहिल्या. येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या, "पाणी तुंबलंय, वरच्या मजल्यावर जा." मला पोरीकडून निरोप पाठवला, "सुपरवायझर बाईंना म्हणावं, हंडा सापडलाय." खुणेचा शब्द त्यांना कुणी शिकवला नव्हता. ऐकून ऐकून माहीत होता.

चीफनी ११२ लावला, आधी हद्दीच्या पोलीस ठाण्याला. दहा मिनिटांत मालक घामाघूम धावत आला आणि आत घुसू लागला. मावशींनी मॉप हलवला नाही. "पाणी तुंबलंय म्हटलं ना." तो म्हणाला, माझं सामान आहे. चीफ म्हणाले, असेल, पोलीस आले की तेच देतील. सापडलेलं शस्त्र मालक म्हणवणाऱ्याच्या हातात आपण द्यायचं नाही, तो खरा मालक असला तरी. परवाना जुळवणं पोलिसांचं काम. त्या आधी आणि नंतर कोणकोण आत गेलं, ते सीसीटीव्हीतून काढून ठेवायचं, तेवढं आपलं.

भरलेलं शस्त्र किती सहज उडतं हे सांगायला मला लांब जावं लागत नाही. १ ऑक्टोबर २०२४ ला अभिनेता गोविंदाच्या पायाला त्याच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली, स्वतःच्या घरात. रांगेत माझ्यासमोर स्ट्रॉलरमध्ये बाळं असतात.

जे वेगळे आहेत ते

वर्दीतला पोलीस, प्रश्न नाही. साध्या कपड्यातला असेल तर ओळखपत्र हातात घेऊन वाचायचं, नुसतं पाकीट उघड-मीट केलेलं चालत नाही. खरा पोलीस थांबतो. जो चिडतो, त्याच्यासाठी चीफ. मंत्री-आमदारांच्या सोबतचे अंगरक्षक चीफच्याच यादीत आधी आलेले असतात.

एटीएममध्ये कॅश भरणारी गाडी येते, तिच्यासोबत बारा बोअरच्या बंदुकीवाले गार्ड असतात. हे बिचारे आपल्यासारखेच, बारा तास उभे. त्यांना मधल्या चौकातून न्यायचं नाही, मागच्या सर्व्हिस दारानं न्यायचं, सोबत आपला माणूस. बंदुकीची नळी वर किंवा जमिनीकडे. शहरात रात्री नऊनंतर एटीएममध्ये कॅश भरायची नाही असं केंद्राचं म्हणणं आहे, तेव्हा साडेनऊला कुणी कॅशवाले म्हणून आले तर दार उघडण्याआधी फोन.

शीख भाऊ कृपाण लावून येतात. कृपाण लावणं हा त्यांच्या धर्माचा भाग आहे, राज्यघटनेच्या कलम २५ मध्येच तसं लिहिलंय. नमस्कार करायचा आणि सोडायचं.

शूटिंगची, म्हणजे नेमबाजीची मुलं. पॅरिसला आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ आणल्यापासून लांबट काळ्या केस घेऊन येणारी पोरं मला जास्त दिसतात. क्लासहून थेट येतात बर्गर खायला. स्पर्धेच्या एअर पिस्तूलला परवाना लागत नाही, पण ते एक्स-रेमध्ये पिस्तूलच दिसतं, आणि फूड कोर्टात उघडलं तर बघणाऱ्याला फरक कळत नाही. पोरांना रागवू नका. आईला फोन लावा, ती येऊन केस घेऊन जाते, पोरगं बर्गर खातं.

दिवाळीत टिकल्यांची पिस्तुलं आणि बारा महिने पिस्तुलाच्या आकाराचे लायटर. लहान मुलाचं खेळणं असेल तर पिशवीत घालायला सांगा, हातात नको. लायटर बाहेर.

कधी कुणालाच नाही

निवडणूक लागली की परवान्याची शस्त्रं जमा करायचे आदेश निघतात. ज्यांना सूट मिळते त्यांच्याकडे तसा कागद असतो, तो मागा. एरवीही पोलीस आयुक्त महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश काढतात. त्याची प्रत चीफकडे येते, ती पोडियमच्या काचेखाली लावा, म्हणजे वाद घालणाऱ्याला बोटानं दाखवता येते. बोटापेक्षा चांगलं उत्तर नाही.

माझी धाकटी जाऊ नेरुळच्या एका खासगी हॉस्पिटलच्या दारात असते. तिच्याकडे एमआरआय आहे. तिचा नियम माझ्यापेक्षा कडक: दारात नाहीच, आणि एमआरआयच्या मजल्यावर पोलिसालाही विचारायचं. ते यंत्र लोखंड ओढून घेतं. ब्राझीलमध्ये २०२३ मध्ये आईसोबत खोलीत गेलेल्या एका वकिलाच्या कमरेचं पिस्तूल असंच उडालं आणि तो गेला. आणि तुमच्यातल्या काही जणी लग्नाच्या सीझनला हॉलवर ओव्हरटाइम करता, त्यांच्यासाठी: हळदीला डीजे आणि दारू असते आणि कुणीतरी काका हौसेनं हवेत झाडायला निघतो. हौसेची गोळीही शस्त्र कायद्यात २०१९ पासून वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. काकाला हे सांगायला तुम्ही जाऊ नका, तो नशेत असतो. घरातल्या थोरल्या बाईला गाठा. ती कान धरून नेते, मी पाहिलंय.

आणि जर खरंच कुणी काढलं, रोखलं? तर तुम्ही हिरॉइन नाही. खाली, आडोशाला, लोकांना मागच्या दारानं बाहेर, आणि ११२. दिसेल ते लक्षात ठेवा: कपडे, कुठल्या हातात होतं, कुठे गेला. अडवायचा अधिकार कायदा सामान्य माणसालाही देतो, जामीन नसलेला दखलपात्र गुन्हा डोळ्यांसमोर झाला तर; नव्या फौजदारी कायद्यात पकडलेल्याला सहा तासांत पोलिसांकडे द्यावं लागतं. अधिकार आहे म्हणून वापरायलाच हवा असं नाही. महिन्याचा पगार हातात किती येतो ते आठवा.

ओबीत लिहायचं कसं

परत पाठवलेला प्रत्येक हंडा ओबीत, म्हणजे दारातल्या घटनांच्या नोंदवहीत, गेला पाहिजे, वाद झाला नसला तरी. नव्या मुली लिहितात, "एक माणूस बंदूक घेऊन आला, त्याला हाकलला." असं लिहू नका, उद्या ते पोलीस वाचतात. वेळ, पॉइंट, माणसाचं साधारण वय आणि कपडे, त्यानं स्वतः सांगितलं की फ्रेमला कळलं, परवाना दाखवला की नाही, शस्त्र बाहेर काढलं की नाही, कुणाला कळवलं, कोणत्या दिशेनं गेला. तुमचं मत नको. "गुंड वाटला" नको. आणि ओळ खोडायची नाही, चुकलं तर आडवी रेघ आणि सही.

मागच्या महिन्यात नव्या पोरीनं, दिव्याहून येते, बारावी झालेली, पहिलीच नोंद लिहिली. मी ती आता सगळ्यांना दाखवते: "सायं. ६.१०, पॉइंट २. पांढरा शर्ट, अंदाजे पन्नास. स्वतः सांगितले. परवाना दाखविला, मुदत आहे. शस्त्र काढले नाही, मी हात लावला नाही. पाटी दाखविली. नमस्कार करून पार्किंगऐवजी मेन गेटने रस्त्याकडे गेले. कंट्रोलला ६.१२ ला कळविले. सोबत नात होती, तिला आईस्क्रीम पाहिजे होते."

शेवटचं वाक्य नियमात बसत नाही. मी खोडायला लावलं नाही.